डायमधला तांदूळ

मी देहूरोडची. म्हणजे जन्म तिथला, दारूगोळ्याच्या कारखान्याच्या कॉलनीतला, आणि आमचे दादा, म्हणजे वडील, त्यांचं सगळं आयुष्य त्या कारखान्यात गेलं, आणि ते घरी आले की पहिल्यांदा मोरीत जाऊन हात धुवायचे, साबण लावून कोपरापर्यंत, मग चहा. आई हातात कप घेऊन उभी असायची तरी आधी हात. त्यामुळं मला बंदुकीची भीती कधी वाटली नाही, घाणीची वाटते. हे तुम्हाला हसू येईल असं आहे, पण खरं आहे.

सिंगापूरला आले ती लग्न होऊन. आमचे हे तांजोंग पगारला बँकेत, सकाळी साडेसातला टाय लावून बाहेर, आणि मी बुकित पंजांगच्या फ्लॅटमधे अकराव्या मजल्यावर, खिडकीतनं एलआरटीची छोटी रेल्वे जाताना बघायची, लेक शाळेत. ती तेव्हाच तिथल्यासारखी बोलायला लागली होती. मी म्हणायचे मुक्ता, जेव गं, ती म्हणायची लेटर लाह, आई. मग एकदा नेमबाजीच्या क्लबला ऑफिसात बाई हवी असं कळलं, बसनं पंधरा मिनिटं, गेले. दोन वर्षं नुसते फॉर्म भरले. आणि तिथं अंकल लिम भेटले.

अंकल लिम म्हणजे क्लबचे सगळ्यात जुने मेंबर, तेव्हाच सत्तरीला टेकलेले, आणि क्लबातली रीलोडिंगची खोली तेच बघायचे. रीलोडिंग म्हणजे काय, तर मारलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी साफ करून परत भरायची. इथं हे घरी बिरी करता येत नाही बरं का, विचारसुद्धा करू नका, सगळं परवान्यात, क्लबच्या कुलपात, आणि खोलीत काम करणाऱ्या माणसाची आधी पोलिसांकडनं चौकशी. अंकलचे डोळे अधू व्हायला लागले होते. एकदा मी सहीचे कागद घेऊन आत गेले आणि त्यांच्या टेबलावर मेणाचा ओघळ दिसला, आणि काय सांगू तुम्हाला, माझा हात आपोआप फडक्याकडं गेला. त्यांनी बघितलं. म्हणाले, आंटी, यू क्लीन लाइक दॅट एव्हरी डे, कॅन? म्हटलं कॅन. चौकशी झाली, आधी पुसणं, मग भरणं, तिथनं पुढं बारा वर्षं मी त्या खोलीत.

आता ते मेणाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं शिशाच्या ओतीव गोळ्या. शिसं मऊ, नळीतनं सुसाट जाताना नळीला चिकटतं, ते चिकटू नये म्हणून गोळीच्या अंगावर खाचा असतात आणि त्यांत मेण भरलेलं असतं. पण मेणाचा स्वभाव असा की ते आपल्या जागेवर गप बसत नाही. बोटाला लागतं, टेबलाला लागतं, आणि डायमधे जाऊन बसतं. डाय म्हणजे पोलादाचा साचा, अंगठ्यापेक्षा जरा मोठा. तो प्रेसवर बसवायचा, दांडा खाली ओढला की पुंगळी खालनं वर जाते आणि डायमधला खुंट गोळीला दाबून पुंगळीच्या तोंडात बसवतो. नेमकी बसवतो. आता त्या खुंटावर मेणाचा थर चढला, त्यात शिशाचा चुरा मिसळला, की तो थर गोळीला आणखी आत ढकलतो, आज एवढुसं, उद्या आणखी एवढुसं. गोळी जास्त आत गेली की आतल्या दारूला जागा कमी पडते आणि बार उडताना दाब वाढतो, पिस्तूल फुटू शकतं, आणि तो दाब माणसाच्या हातात असतो, डोळ्यांपुढं. म्हणून दर शंभराला डाय उघडायचा, पुसायचा, आणि परत बसवला की पहिल्या तीन काडतुसांची लांबी मोजायची. तीन मोजल्याशिवाय चौथं करायचं नाही. अंकल लिमनी मला एवढंच शिकवलं आणि दादांनी मला तेच शिकवलं होतं, फक्त दोघांची भाषा वेगळी.

दादा खंडेनवमीला मला कारखान्याच्या गेटपर्यंत न्यायचे, आत नाही. आत मशिनींची पूजा व्हायची, झेंडूचे हार, हळदकुंकू, अक्षता. घरी आई विळी पुजायची, दादा आपली पेटी पुजायचे, पाने, पक्कड, सगळं. आणि पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. पण दादांचं एक होतं, पूजेच्या आधी ते प्रत्येक पाना रॉकेलनं पुसायचे. आई म्हणायची अहो ताटं वाढलीयत. ते म्हणायचे मळक्या अंगानं देव पाटावर बसत नाही. आधी पुसायचं, मग पुजायचं. हे मी लहानपणापासनं बघितलेलं, आणि तरी.

तरी त्या वर्षी माझ्या हातनं झालं. रविवारी मॅच होती, बाहेरच्या टीम यायच्या होत्या, आणि खंडेनवमी गुरुवारी. मॅनेजर मिस्टर टॅन सारखे डोकावत होते, आंटी हाऊ मेनी मोअर, आंटी हाऊ मेनी मोअर. पाच वाजले, त्या दिवसाचे शेवटचे शंभर झाले, बस गाठायची होती, घरी मुक्ताच्या मैत्रिणी जेवायला. मी डाय प्रेसवरनं काढले, स्टीलच्या ताटात उभे ठेवले तोंड वर करून, न पुसता, आणि हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. म्हटलं पूजा करून मग पुसते. आणि पूजा झाल्यावर हात पुढं होईना! पुजलेल्या हत्याराला हात कसा लावायचा? तसेच ठेवले आणि गेले. शुक्रवारी दसऱ्याची रजा घेतलेली. आता मला कुणी विचारलं की तुमची चूक कुठली, तर लोक म्हणतात पूजा. पूजा नाही. मी पुसायच्या आधी पुजलं, ही चूक.

आणि दुसरी चूक शनिवारची. सकाळी आले, नमस्कार केला, फुलं काढली, डाय प्रेसवर चढवले. उरलेले तीनशे करायचे होते. डायवर माझी पेनानं केलेली खूण होती, ती बरोबर जागेवर बसली, आणि मनात असं वाटलं की पूजा झालीय, आज सगळं नीट होणार. त्या भरात मी पहिली तीन मोजली नाहीत, शंभराला डाय उघडलाही नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा. तीनशे केली, पन्नासाचे सहा डबे, कुलपात गेले, किल्ली मिस्टर टॅनकडं. दुपारी चारला डाय उघडून साफ करायला बसले, कापसाची काडी आत फिरवली, आणि काडीला मेणाचा गोळा आला, काळा, आणि त्या गोळ्यात एक तांदूळ. कुंकवानं लाल झालेला, दाबून चपटा झालेला.

एक जादाचं काडतूस नमुन्याला बाहेर ठेवलेलं असतं ते घेतलं, मोजलं. आखूड. परत मोजलं. आखूडच.

मिस्टर टॅनना फोन केला. ते म्हणाले आंटी, वन ग्रेन ऑफ राइस ओन्ली लाह. म्हटलं सर, तेवढा तांदूळ म्हणजे खूप झाला. ते म्हणाले उद्या मॅच, दुसरी काडतुसं कुठनं आणू, आणि तुम्ही लिहून दिलंत तर विचारतील रीलोडिंगच्या खोलीत तांदूळ कशाला, खोली बंद करतील, तुम्हालाही बंद करतील, थिंक केअरफुली. माणूस वाईट नव्हता हो, घाबरला होता. घरी आमचे हे म्हणाले, तू सांगितलंस ना, आता त्यांची जबाबदारी. मला राग आला. म्हटलं गोळी मी बसवली, टॅननी नाही बसवली. मुक्ता म्हणाली, आई यू श्युअर? म्हटलं मोजलंय मी. दोनदा मोजलंय.

मग जेवणाआधी बसले आणि इंग्रजीत कागद लिहिला. मुक्ताला स्पेलिंग विचारलं, वाक्यं माझीच. डाय मी साफ केला नाही, लांबी मी मोजली नाही, तांदूळ माझ्या पूजेतला. खाली सही.

रविवारी साडेसातला क्लबच्या दाराशी उभी. मिस्टर टॅन आले, कागद वाचला, मला वाटलं ओरडणार, ते खिशातनं किल्ली काढत म्हणाले ओके, सगळे डबे परत घेऊ. कपाट उघडलं तर पाचच डबे. सहावा? अंकल लिम सातलाच आले होते, सरावाला, दुसरी किल्ली रेंजच्या ड्यूटीवाल्याकडं असते, त्याच्याकडनं एक डबा सही करून घेऊन गेले होते. रेंजवर.

मी पळाले. साठीकडं झुकलेली बाई, सलवार-कमीझमधे, चपला घालून. आमच्या रेंजवर एक नियम आहे, धोका दिसला तर कोणीही स्टॉप म्हणू शकतं, झाडूवालासुद्धा, आणि सगळ्यांनी थांबायचं. बारा वर्षं मी तो नियम भिंतीवर वाचला होता, कधी वापरला नव्हता. अंकल लिम पिस्तूल उचलत होते, हात वर येत होता, आणि मी ओरडले, स्टॉप! असा आवाज आला की मलाच माझा वाटेना. सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवली. अंकल वळले, चिडलेले, म्हणाले आंटी, यू स्पॉइल माय टायमिंग. त्यांनी पिस्तूल रिकामं करून दिलं, मी त्यातलं एक काडतूस घेतलं आणि कपाटातनं निघताना जुनं, चांगलं एक उचललं होतं ते शेजारी टेबलावर उभं केलं. त्यांनी चष्मा लावला. वाकले. दोन्हींच्या डोक्यांवरनं बोट फिरवलं. मग टोपी काढली आणि मला म्हणाले, हू टॉट यू? म्हटलं तुम्हीच. आणि माझे वडील. आणि तिथं मला रडू फुटलं, लपवत नाही मी, मी त्या माणसाला डोळ्यादेखत मारणार होते.

मॅच आमच्या क्लबनं सोडली. खोली तीन महिने बंद, मी घरी. लोक काय काय बोलले, आपलेसुद्धा बोलले, ही बाई बंदुकीच्या खोलीत पूजा करते म्हणून नाव खराब झालं वगैरे. मी ऐकून घेतलं, पण परत जायचं हे ठरवलं होतं. दर सोमवारी मिस्टर टॅनना फोन करायचे, सर, खोली कधी उघडणार. अकराव्या सोमवारी ते म्हणाले, आंटी, तुमच्या फोनला कंटाळून उघडतोय. आता नियम झालाय, खोलीत फूल नाही, कुंकू नाही, तांदूळ नाही. बरोबर आहे. मी स्वतः त्यावर सही केली.

यंदाच्या खंडेनवमीला मी बाहेर पायरीवर पाट मांडला, नुसता, वर काही नाही. अंकल लिम आता काठी घेऊन चालतात, ते आतनं हळूहळू आले, हातात कापसाची काडी, ती माझ्यापुढं धरली. पांढरी स्वच्छ. डाय त्यांनी स्वतः पुसले होते, त्या डोळ्यांनी. म्हणाले, क्लीन ऑलरेडी. नाऊ कॅन प्रे.

डाय आतच राहिले. मी हळदकुंकू पाटाला वाहिलं आणि अक्षतांची मूठ अंकलच्या टकलावर टाकली. मिस्टर टॅन बघत होते, त्यांच्याही डोक्यावर टाकली. ते खांदे झटकत म्हणाले, व्हॉट इज धिस, आंटी. म्हटलं तांदूळ. पोलादात नको, माणसाच्या डोक्यावर असू दे, लाँग लाइफ. ते हसले, पण एकही दाणा त्या पायरीवर राहू दिला नाही, वाकून सगळे वेचले आणि खिशात घातले.

तुम्ही लिहून घेताय, तुम्हीही जरा वाका. हं, असं. सुखी राहा, आणि हात धुऊन मग चहा घ्या.