दाव्यासकट दिलेला गोऱ्हा

(ज्योतीराम हे लिहिणारच नव्हता. पण कुरुळीत, दोस्त खंडूच्या गोठ्याबाहेर झालेलं बोलणं डोक्यातून जाईना. ज्योतीराम पिंपरीच्या एका औषध कंपनीत कामाला. साल चौऱ्याहत्तर.)

खंडू : आत ये की लेका! पाव्हण्यागत बाहीर का हुबा?

ज्योतीराम : नको. तुझ्या गाईजवळ येत नाही मी. सोमवारपासून जनावरांच्या शेडवर ड्यूटी लागलीय.

खंडू : आमच्या पवळ्याच्या शेडवर? मग सांग की! कसा हाय त्यो?

ज्योतीराम : बरा झालाय.

खंडू : बरा झालाय म्हंजे? धडधाकट गोऱ्हा दिला हुता म्या! लाळ्या-खुरकूत हुऊ नये म्हून औषध देणार हुते ना सायेब?

ज्योतीराम : औषध दिलं रे. पण आधी रोग दिला.

खंडू : कुनी?

ज्योतीराम : कंपनीनं. जिभेत टोचून. रोगच नसला तर औषधाची टेस्ट कशी होणार, म्हणतात. मला पण परवाच कळलं राव.

खंडू : आरं, तोंड आलं आसंल त्याचं…

ज्योतीराम : आलं होतं. खुरं पण फुटली होती. पण औषध लागू पडलं. कालपासून चारा खातोय. डॉक्टर लोक जाम खूश आहेत.

खंडू : मग झालं तर! बैलगाडी जुंपतो, आत्ताच आणू.

ज्योतीराम : सोडत नाहीत, खंडू. बऱ्या झालेल्या जनावरात पण रोग दडून राहतो म्हणे. उद्या सगळ्यांना मारायचं इंजेक्शन. मग चुन्याचा खड्डा.

खंडू : बरा झाला तरी?

ज्योतीराम : तरी.

खंडू : आरं पर म्या इकला न्हवता! जनावर इकलं की दावं आपुन ठिवून घेतो का न्हाई? म्या दाव्यासकट दिला. दावं गळ्यात हाय म्हंजे गोऱ्हा माझा!

ज्योतीराम : तेच बोललो साहेबाला. म्हणाला, नवीन दोरी देतो.

खंडू : दोरी?

ज्योतीराम : हो.

खंडू : …आमच्या पोरीनं, मंजुळानं वळलं हुतं ते दावं. तेवडं तरी घिऊन ये.

ज्योतीराम : नाही आणता येत. त्याला लाळ लागलीय. ही गाय पण जाईल.

खंडू : बघ, त्याची माय कशी हंबरतीय. तुझ्या अंगाला त्याचा वास येतोय वाटतं.

ज्योतीराम : आंघोळ करून, कपडे बदलून आलोय रे.

खंडू : तरी बी. …उद्या तू हाईस तिथं?

ज्योतीराम : फर्स्ट शिफ्टला.

खंडू : बांधून मारू देऊ नगंस त्याला.

ज्योतीराम : शब्द देतो. डॉक्टर यायच्या आधी दावं मी माझ्या हातानं सोडीन.