रॉडची तडकलेली कडी

कोठीच्या बसथांब्यावर भगवंतराव मासे धरायचा रॉड घेऊन पद्मावतीबाईंशेजारी उभे होते. मागे उभ्या, त्यांना न ओळखणाऱ्या सुमेधाला सगळं ऐकू येत होतं.

“दोरी ओवायची कडी तडकली होती म्हणे?”

“हौ. दुकानदाराने नवी बसवली.”

“तडकली कशाने?”

“मी गळ कडीतच अडकवून ठेवायचो. आता नाही अडकवणार.”

“म्हणजे त्या दिवशी मासा सुटला, तेव्हा दोरी त्या कडीनेच कापली! आणि तुम्ही सगळ्यांसमोर जावयाला म्हणालात, कम्प्युटर बडवणाऱ्या हातांना मासा पेलत नाही.”

“लाइट घे गं, एवढं काय मनावर घेतेस. बघ, बस आली.”

“ती आपली नाही. फोन लावा त्यांना.”

“माझी बॅटरी संपलीय.”

“माझी आहे. हॅलो, संदेशराव? ह्यांना तुमची माफी मागायचीय.”

बस सुमेधाची होती. तिने ती जाऊ दिली.