बराबरीची जोड

गेममधलं बाबाले काय कळते, असं आमाले वाटे. नवीन रेड येनार होती, म्हंजे चौघांनी मिळून एका राक्षसाले पाडाचा डाव. कंपनीनं आधी नुसता फोटो टाकला. गोल आखाडा, आमनेसामने दोन दरवाजे. जानेफळच्या चहाटपरीवर आमी चौघं दोस्त महिनाभर भांडलो. मंग्या म्हने सांड येईन, संद्या म्हने सिंह.

बाबा जुना पैलवान. फोटो पाहून म्हने, "सांड काऊन येईन? कुस्तीच्या दंगलीत जोड बराबरीचीच लावतात. तुमच्याच वजनाचे चौघं येतीन."

आमी हासलो.

रेड आली. समोरच्या दरवाजातून आमच्याच कपड्यातले, आमच्याच तलवारी घेतलेले चौघं निघाले.

आता ते तिघं पुण्याले नोकरीले हायेत. मी अजूनबी जातो त्या आखाड्यात.

समोरून एकटाच येते.