धामणझरीचं लीड

…नाई, पण मले तुमीच सांगा, याच्यात आमच्या धामणझरीची चूक काय? सारा तालुका आमाले हासून राह्यला. परवा बाजारात भाजीवाली म्हणते, "धामणझरीचे का तुमी? मंग माह्यापासून नका घेऊ बाप्पा, तुमी हात लावला का माल पडून राहीन." हे काय बोलणं झालं? बसा, बसा, अकोटची गाडी काई येत नाई एवढ्यात, मूर्तिजापूरच्या या स्टँडवर म्या जन्म काढला, गाडी लागली तरी डायवर पयले चहा पेते. तवर आयका. माहं नाव भगवंतराव, अन् आमच्या गावाचा सारा इतिहास तुमाले एका वाक्यात सांगतो : आमच्या गावानं ज्याले लीड देलं, तो पडला.

हसू नका. आमदारकीच्या प्रत्येक निवडणुकीत. मी पोट्टं होतो तवा नत्थुजी गुरुजी उभे होते, अन् काय सांगू तुमाले त्या वक्ताचा प्रचार… आताच्यावाणी नाई का घरात जेवून राह्यलो अन् मोबाइलातून बाई बोलते, अमक्याले विजयी करा. नत्थुजी शकुंतलेनं यायचे, ते आपली छोटी गाडी, चालत्या गाडीतून उतरा अन् बोरं तोडून पुन्हा चढा अशी. स्टेशनावर आमच्या बाबाची दमणी उभी, बैलाच्या शिंगाले झेंडू. गावात आले का पारावर बसणार, कोणाची म्हातारी बिमार हाय, कोणाच्या पोरीचं जमलं, सारं विचारणार, अन् मताचं कवा काढणार, त उठून चपला घालता घालता. "बरं का भगवंताचे बाबा, उभा हाओ म्या." बस. एवढाच प्रचार. आमी पोट्टे बिल्ले जमवत होतो, साऱ्या पक्षाचे, सारे एकाच सदऱ्यावर, अन् कोणी वाईट मानत नव्हतं. मतदानाच्या दिवशी बाया ठेवणीतले लुगडे नेसून गाणे म्हणत शाळेत गेल्या. साऱ्या गावानं नत्थुजीले मत देलं… अन् नत्थुजी पडले. पण माणूस पाहा, आठ दिवसानं पुन्हा दमणीत. माय म्हणे, गुरुजी, तुमी त पडले. त म्हणतात, "पडलो म्हणून का तुह्या हातची भाकर बंद?" असे माणसं होते हो. आता पडलेला उमेदवार फोन बी उचलत नाई.

मंग अकोटचे खुशालराव आले. जिनिंगवाले, तवाचे आमदार, त्याईले पाडणारा कोणी जन्माले यायचा होता. आमच्या नाल्यावर पूल बांधतो म्हणाले. पावसायात नाला भरला का आमचे पोट्टे शाळेत जाऊ शकत नाई ना, म्हणून आमी बी भारावलो, अन् देलं त्याईले लीड. पडले. आता तुमी म्हणान, तवा त मतपत्रिका मिसळत होते, मंग गावाचं लीड तुमाले कसं समजे? अहो, गावात कोणाच्या घरी कोणती भाजी शिजली हे समजते, अन् मत नाई समजणार?

पण खरी गंमत पुढं हाय. खुशालराव पुढच्या वेळी पुन्हा उभे, अन् गावात आले ते हात जोडून. म्हणतात, "बाप्पाहो, तुमचं माह्यावर प्रेम हाय ना? मंग येवढ्या पाळी मले मत देऊ नका. त्या समोरच्याले द्या. लय चांगला माणूस हाय तो." अन् भजनी मंडळाले ढोलकी देऊन गेले. आमी म्हटलं, घेतलेल्या ढोलकीले जागलं पाहिजे. समोरच्याले देलं सारं लीड. समोरचा पडला. खुशालराव गुलालात… झालं, त्या दिवसापासून पक्कंच झालं, आमच्या गावानं ज्याले लीड देलं, तो पडला. मंग काय, दर निवडणुकीत दोन्हीकडचे उमेदवार सकाळ-संध्याकाळ गावात, अन् दोघं बी एकमेकाचा प्रचार करून राह्यले. सकाळी हा म्हणे, "त्याच्यासारखा हुशार माणूस नाई, त्यालेच द्या." संध्याकाळी तो म्हणे, "छे छे, त्याच्यापुढं माही काय लायकी." अशी सभ्य निवडणूक साऱ्या वऱ्हाडात कुठं पाहली का तुमी?

अन् मंग मतदारसंघ नव्यानं आखले, त आमचा कारंजखेड मतदारसंघच गेला ना भाऊ. गाव इकडं जोडलं, नाव मिटलं. लोक काय म्हणतात? "धामणझरीवाल्यांनी माणसं पाडता पाडता शेवटी मतदारसंघच पाडला." म्हणू द्या. माह्या मनात मात्र कारंजखेडच हाय अजून. पण या साऱ्यात पूल राह्यला. निवडून आलेला म्हणे, तुमी कुठं मले मत देलं? अन् पडलेला म्हणे, तुमच्यामुळंच त पडलो. मंग पूल मागावा कोणाले?

आता दामिनीचं आयका. माह्या धाकट्या भावाची पोरगी, अमरावतीले वकील. हाच नाला ओलांडून शिकली, दप्तर डोक्यावर घेऊन. या पाळी तिले तिकीट भेटलं. समोर खुशालरावाचा नातू, अंकुर. साऱ्या गावाले आनंद, आपल्या घरची पोरगी आमदार होईन, पूल होईन… अन् आनंद होता होताच सारे एकमेकाच्या तोंडाकडं पाहाले लागले. कारण आमच्या गावानं ज्याले लीड…

पारावर सभा बसली. गयासुद्दीन मिस्त्री म्हणजे माहा लंगोटीयार, सारे घरं त्याच्याच हातचे. तो उभा राह्यला, डोळ्यात पाणी. "भगवंतभाई, बेटी को जिताना है ना? तो बेटी को एक भी वोट मत दो. दिल पे पत्थर रखो, और अंकुर का बटन दबाओ." अन् मंग एकएक करून हात वर. म्हातारे, पोट्टे, सासवा, सुना. म्या बी केला. दामिनी तथीच उभी होती, भडकली. "मोठेबाबा, हे काय बह्याडपण लावलं तुमी? मी कोर्टात उभी राहते अन् माहं गाव असं? मत म्हणजे मत असते. गुपचाप मले द्या सारे." अन् आमची वच्छला, माही घरवाली, ते घरी आल्यावर माह्यावर, "लाज नाई वाटत तुमाले, पोटच्यावाणी पोरगी अन् परक्याचं बटन दाबता? म्या त तिलेच देईन, काय करायचं ते करा." म्या टोपी उचलून बाहेर निघालो. काहून का बाईमाणसासोबत वाद घालून आजवर कोण निवडून आलं?

मतदान आलं ऐन कापूस वेचणीत. बाया वावरातून ओटी बांधलेल्याच शाळेत आल्या. म्या आत गेलो, मशीनसमोर उभा राह्यलो, पाह्यलं त वरून दुसरीच आपली दामिनी, फोटोत हासून राह्यली… तुमाले खरं सांगतो, माह्या बोटाले घाम सुटला. लहान होती तवा खांद्यावर बसवून नाला पार केला म्या तिले. म्हटलं, बाई, मले माफ कर, तुह्याचसाठी करून राह्यलो, अन् डोळे मिटून अंकुरचं बटन दाबलं. मशीन अशी लांब वरडली, माह्या काळजात गेलं ते. बाहेर गयासुद्दीन उभा होता. त्यानं माह्या शाईच्या बोटाकडं पाह्यलं, म्या त्याच्या.

मोजणीच्या दिवशी गयासुद्दीनचा पोरगा परवेज दामिनीकडून टेबलावर बसला होता. आपली पोरगी सकाळपासून मतानं पुढं. प्रत्येक फेरीत पुढं. ढोलवाला आला, गुलालाचं पोतं सुटलं, आमी सारे गेटापाशी, म्हटलं पाहा, लागू पडला ना इलाज. शेवटच्या फेरीत आमच्या गावची मशीन उघडली. परवेज बाहेर आला त तोंड पांढरं. "काका, दामिनीताई पडली. आपल्या गावानं अंकुरले लीड देलं, तेवढ्यातच गेली." किती मतानं? अहो, नुसत्या आमच्या खालच्या आळीनं देलं असतं तरी आमदार होती. म्हणजे इतक्या वर्षात पयल्यांदा, आमच्या गावानं ज्याले लीड देलं, तो निवडून आला. अन् तो कवा? त आता.

पुढं त आयका. संध्याकाळी अंकुरची मिरवणूक थेट धामणझरीत. "मले लय गावानं मत देलं, पण धामणझरीवाणी कोणीच नाई," म्हणून पारावर चढून रडला तो, मले हार घातला, पूल याच वर्षी करतो म्हणाला. बोला. जनमभर मागितला तो पूल भेटला. माह्या गळ्यात हार, अन् समोर धाकट्या भावाचं घर, दार लावलेलं.

दुसऱ्या दिवशी दामिनीच आली आमच्याकडं. माही मान खाली. पोरगी म्हणते, "मोठेबाबा, मी काई रागावली नाई. पण परवेजनं आकडा सांगतला. आपल्या गावात मले शून्य हाय." शून्य? म्या वच्छलाकडं पाह्यलं. म्हटलं, तू त देणार होती ना? वच्छला चुलीकडं तोंड करून बसली. म्हणते, "हात गेल्ता तिच्याच बटनावर… पण म्हटलं, उगाच माह्या एका मतापायी पोरगी पडाले नको." घ्या.

मंग म्या विचार केला. शून्य म्हणजे शून्य. म्हटलं, बाई, पण तुहं नाव त याच गावात हाय. त्या दिवशी मत टाकून आली अन् शाईचं बोट तू मलेच दाखवलं होतं. मंग तुहं सोताचं मत कुठं गेलं?

पोरगी बोटावरची शाई नखानं खरवडाले लागली.

म्हणते, "मोठेबाबा… मी बी धामणझरीचीच हाओ ना."