लिची? आत्ताच संपली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि वाहतूकदार संघाचे प्रमुख. व्यासपीठावरचे आमचे एजंटसाहेब, ज्यांच्या खटपटीमुळे आमचा माल कधी बंदरात अडकून पडला नाही. समोर बसलेल्या दुकानदार बंधू-भगिनींनो, गोदामातल्या सहकाऱ्यांनो, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमच्या वितरण विभागाचे प्रमुख, म्हणजे आपल्या सगळ्यांचे मामा!

मामा, मान वर करा. पुष्पगुच्छ दिलाय तुम्हाला, शिक्षा नाही.

ऑफिसातल्या मंडळींनी मला भाषण लिहून दिलंय. त्यात 'वितरण क्षेत्रातील दीपस्तंभ' असं काहीतरी आहे. मामांची उंची बघता हे जरा जास्तच होतंय, म्हणून तो कागद मी खिशात ठेवतो.

समुद्रापलीकडच्या कारखान्यातला बाटलीबंद गार चहा आम्ही इथे आणला, तेव्हा लोक आम्हाला हसले. इथे चहा म्हणजे वाफाळता. गार झालेला चहा लोक मोरीत ओततात, आणि हे शहाणे तो पैसे घेऊन विकणार! एका आजीबाईंनी तर पीच फळाच्या स्वादाची बाटली पातेल्यात ओतून उकळली आणि 'नासका माल' म्हणून दुकानात परत आणली. मामा बर्फ घेऊन त्यांच्या घरी गेले, समोर बसून त्यांना पेलाभर पाजला आणि मगच उठले. असं एकेक गिऱ्हाईक त्यांनी जोडलं आहे.

बाटलीच्या मागे इथल्या भाषेतलं लेबल चिकटवल्याशिवाय ती विकता येत नाही. तेव्हा माणसं ठेवायची ऐपत नव्हती. मी, समोर बसलेली ही, मामा आणि आमची लेक, अशी चौघं गोदामात फतकल मारून लेबलं चिकटवायचो. लेकीचं लेबल कायम तिरकं. मामा ते सोडवून सरळ लावायला लागले की ती ओरडायची, "मामा, मान तिरकी करून बघा ना, सरळच आहे!" त्यांना मामा म्हणायला तिनेच सुरुवात केली. मग सगळं गोदाम म्हणायला लागलं.

ती आजारी पडली हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे, तेव्हा लांबण लावत नाही. औषधांनी तिच्या तोंडाची चव गेली. आईने काहीही करून दिलं तरी लोखंड चाटल्यासारखं लागतं म्हणायची. त्याच सुमारास कारखान्याकडून नव्या स्वादांचे नमुने आले. तिने सगळे चाखले आणि लिचीच्या घोटाला थांबली. "बाबा, हिची चव लागते मला." आणि वर मलाच धंदा शिकवला, "ही मागवा. हातोहात खपेल, बघाच तुम्ही."

मी लिची मागवली. जहाज बंदराला लागायच्या आत लेक गेली.

पुढे बरेच दिवस मी गोदामाकडे फिरकलो नाही. मग एकदा राहवेना, म्हणून इस्पितळाशेजारच्या दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकासारखी लिची मागितली. दुकानदार म्हणाले, "लिची? आत्ताच संपली." काय सांगू तुम्हाला! पोरीचा शब्द खरा ठरला होता. पुढच्या दुकानात गेलो, तिथेही आत्ताच संपली. मला त्याची सवयच लागली. घर खायला उठलं की गाडी काढायची, कुठल्यातरी दुकानात जायचं आणि तेवढं एक वाक्य ऐकून यायचं. दर खेपेला मी लिची मागवत राहिलो आणि मामांनी कधी नको म्हटलं नाही.

एका दुकानात नवी मुलगी कामाला लागली होती. ती मला ओळखत नव्हती. म्हणाली, "काका, लिची कोण पितं हो? औषधासारखी लागते. ते मामा येऊन सगळी परत नेतात." आतून मालक हातवारे करत धावत आले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मामांनी दुकानादुकानात सांगून ठेवलं होतं म्हणे, की चष्म्यातला टकलू गृहस्थ आला की बाटल्या काउंटरखाली सरकवायच्या आणि संपली म्हणायचं. टकलू! मामा, जाता जाता हे मी लक्षात ठेवतोय.

गोदामामागच्या गटाराला बारा महिने मुंग्या का असतात, तेही मग कळलं. परत आणलेली लिची तिथेच ओतली जायची. विचारलं की मामा म्हणायचे, "साहेब, जागाच तशी आहे."

दुकानदार मंडळी, अशा माना खाली घालू नका. मला राग आला का? आला. मेलेल्या पोरीच्या बापावर दया करणारे हे कोण, म्हणून गाडीत बसून एकटाच ओरडलो. दुसऱ्या दिवशी जाब विचारायला मामांसमोर उभा राहिलो, आणि तोंडातून निघालं, "मामा, लिची आहे का हो शिल्लक?" मामा खाली बघत म्हणाले, "संपली, साहेब." मी म्हटलं, "मग मागवतो." त्यावर आम्ही दोघांनी पुन्हा चकार शब्द काढला नाही. आणि मी दुकानांत जातच राहिलो. खोटं आहे हे कळल्यावरसुद्धा गेलो. त्याशिवाय मला घास जायचा नाही.

आता मामांचे गुडघे बोलायला लागलेत, ते लेकाकडे राहायला चालले. त्यांच्या जागी येणाऱ्या बाई हुशार आहेत. पण माझ्यासाठी दारोदार खोटं पेरून ठेवा, असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? आज सकाळी कारखान्याला ऑर्डर कळवली. त्यात लिची नाही. यापुढेही नसेल.

अगं, अशी बघू नकोस माझ्याकडे. तुला एकटीला सांगायचा धीर झाला नाही, म्हणून इतक्या लोकांत सांगतोय. घरी गेल्यावर काय ते बोल.

गोदामात उरलेली आणि दुकानांतून परत आणलेली सगळी लिची दाराबाहेरच्या टेबलावर बर्फात ठेवली आहे. ती कुणीही ओतायची नाही, प्यायची. चांगली लागत नाही हे मला ठाऊक आहे. माझ्याच्याने एक बाटली कधी पुरी संपली नाही. तरी आज प्या. मामा, पहिली तुमची. तिचं लेबल मी लावलंय, तिरकं. सोडवायला जाऊ नका.

अध्यक्षमहाराज, आपण वेळेची घंटा हाताशी असून वाजवली नाहीत, त्याबद्दल आपला ऋणी आहे. मंडळी, तुम्ही गौरवाचं भाषण ऐकायला आलात आणि मी घरातलं रडगाणं गायलो. मन मोठं करा आणि मला माफ करा. मामा, तुमचे आभार मानायला लागलो तर मला इथून खाली उतरता येणार नाही, म्हणून मानत नाही.

दुकानदारांना मात्र एक विनंती आहे. सवय जुनी आहे, लगेच सुटणार नाही. उद्या-परवा मी तुमच्यापैकी कुणाच्या तरी दारात येईन आणि लिची मागेन. गडबडून जाऊ नका. काउंटरखाली काही सरकवायची गरज नाही. नेहमीचं उत्तर द्या. आता ते खरं असेल.