हुंकाराने घातलेला घोळ

तुम्ही हसाल, पण यात माझं काय चुकलं ते मला अजून नीट कळलेलं नाही. आमची नात सायली पॉडकास्ट करते. तिने भांडुपच्या आमच्या खोलीत तीन कॅमेरे लावले आणि आजीला, म्हणजे आमच्या हिला, खानावळीची गोष्ट सांगायला बसवलं. गिरणीतल्या वीस माणसांना ती दोन्ही वेळ जेवू घालायची. मालवणची बहीण बघणार म्हणून ही ठेवणीतलं लुगडं नेसली होती. मी शेजारी बसून नेहमीसारखा नुसता हुंकार देत होतो.

व्हिडिओ बघितला, तर आवाज हिचा आणि तोंड सारखं माझं!

ही म्हणाली, "गो सायली, जेवण मी रांधलं आणि दाखवलंस यांना?"

"आजी, व्हिडिओची कापाकापी एआयने केली. जो बोलेल त्याला तो दाखवतो. आजोबांचं 'हूं, हूं' त्याला बोलणंच वाटलं."

"पण मी तर काहीच बोललो नाही गं," मी म्हणालो.

"आजोबा, आपण पुन्हा घेऊ. या वेळी अगदी गप्प बसा ना."

मी ओठ मिटून बसलो. ही दिसायला हवी, एवढंच मनात होतं. ही दोन वाक्यं बोलली आणि थांबली. माझ्याकडे वळली.

"अहो, झोपलात काय?"

"आजी, ते मुद्दाम गप्प आहेत. तू दिसावीस म्हणून."

"मग मी सांगू कोणाला? कॅमेऱ्याला?"