तेच बूट, तीच मिशी

घसा पार बसल्यामुळे शाळेतल्या बाईंना महिनाभर बोलायची बंदी होती. वाचा-उपचारांच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत नुसतं ऐकायचं. समोर बहीण-भाऊ बसले होते. मध्ये त्यांचे वडील, पक्षाघाताचा झटका आल्यापासून मुके.

“ताई, त्या येड्या हेराच्या सिनेमाचा दुसरा भाग बाबांना दाखवायलाच नको होता.”

“का रे? पहिल्याला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले होते.”

“पहिला तो पहिला. यात तेच दळण. तोच हेर, तीच खोटी मिशी, परत सूपमध्येच पडते.”

“पडली तेव्हा तूच फिस्सकन हसलास.”

“बाबा हसतील म्हणून हसलो गं! ते आपले दगडासारखे.”

“दगड कसले? हेर पडद्यामागे लपतो आणि त्याचे बूट बाहेर दिसतात ना, तेव्हा माझा हात दाबला त्यांनी.”

“घाबरले असतील.”

“विनोदी सिनेमात?”

“इतक्या शिळ्या विनोदाला माणूस घाबरतोच.”

“बू... बूट...”

बाईंच्या हातातलं मासिक खाली आलं.

“बाबा? काय म्हणालात? ताई, बाबा बोलले!”

“गप्प बस, बोलू दे त्यांना. हं बाबा, बूट काय?”

“तेच... बूट. मागचेच.”

“बघ! मी काय म्हणत होतो?”

“पण... अजून... चालतात.”

मग भावाने नाक पुसलं.

“ताई.”

“काय रे?”

“तिसरा भाग कधी काढतायत, बघ ना जरा.”